बोलकं मशीन आणि बँकवाल्याचा अंगठा

बँकेनं भगीरथला बोलकं मशीन दिलं आणि त्याचे पाय जमिनीवर ठरेनात! २००९ साल होतं. डोळखांबच्या वरच्या पाड्यांवर फिरायचं, लोकांचे अंगठे मशीनवर टेकवायचे आणि रोजगार हमीची मजुरी जागेवर हातात द्यायची. अख्खी बँकच खांद्याला अडकवून हिंडायची म्हणा ना!

पहिला फेरा त्यानं मुद्दाम कमळूमामाच्या पाड्यावर ठेवला. मामाची पोरगी रविना त्याला पसंत होती, तिलाही तो. अडलं होतं ते मामाच्या होकारावर.

"मामी, बिनघोर टेकवा," तो मामाच्या बायकोला, बुधीला म्हणाला. "तुमच्या खात्यात किती, ते तुमालाच कळणार. बाजूच्या माणसालाबी नाय!"

रेंज काय ती टेकाडावरच्या देवळाच्या पारावर मिळायची. तिथं सप्ताह चालू होता. भजन आटोपून गोमाबुवा चहाला गेले होते, माइक तसाच चालू ठेवून. भगीरथनं मशीन नेमकं त्या माइकपुढं मांडलं.

बुधीनं अंगठा टेकवला आणि दोन्ही कर्ण्यांतून गोड बायकी आवाज डोंगरभर घुमला, "आपल्या खात्यात तीन हजार चारशे रुपये शिल्लक आहेत. धन्यवाद!"

खाली नाचणी कापणारा कमळू विळ्यासकट धावत वर आला.

"बुधे! काल मिठाला पैसं नाय म्हणालीस ना?"

बुधी गोरीमोरी झाली, पण क्षणभरच. "मग तुमीबी टेकवा की!"

"माझा अंगठा चिरलाय."

"दुसरा हाय!" तिनं त्याचा हात धरून दाबलाच.

"आपल्या खात्यात सात हजार दोनशे..."

आता कमळू विळा पाठीमागं लपवायला लागला! भगीरथ माइक बंद करायला झेपावला, तर गोमाबुवा चहा सांडत आले. "हात लावू नको! बाई काय छान बोलते, ऐकू दे!"

तोवर अख्खा पाडा जमला. बाईजा म्हातारीनं पदराच्या गाठीतलं बँकेचं कार्ड सोडलं आणि अंगठा टेकवला.

"आपल्या खात्यात शून्य रुपये शिल्लक आहेत. धन्यवाद!"

म्हातारीनं हात जोडले. "खात्यात काय नाय, तरी 'आपल्या' म्हणाली! वर धन्यवाद! तालुक्याला मला कुणी 'अहो'बी म्हणत नाय गो!"

कुणी हसलं नाही. तळहाताएवढ्या त्या डब्याकडं सगळे नुसते बघत राहिले.

तेवढ्यात कमळू पुढं सरसावला. "आता बँकवाल्याचा अंगठा!"

भगीरथनं अंगठा मुठीत लपवला. रविना बघत होती. टेकवला बिचाऱ्यानं!

"आपल्या खात्यात अकरा रुपये शिल्लक आहेत. धन्यवाद!"

सगळ्यांच्या नजरा त्याच्या नव्या बुटांवर गेल्या. बाकीचा पगार तिथंच होता.

कमळूनं मात्र मांडीवर थाप मारली. "मशीन खरं हाय! आपल्या माणसालाबी झाकत नाय!"

झालं! आजवर खातं नको म्हणणारे बत्तीस जण रांगेत उभे राहिले. भगीरथला पाणी प्यायलाही सवड मिळेना.

निघताना त्यानं धीर केला. "मामा, आमचं लग्नाचं?"

कमळूनं डोकं खाजवत रविनाकडं बोट केलं. रविनाच पुढं आली.

"मी तयार हाय. पन पगार माझ्या खात्यात पडंल."

"आणि मला पैसं लागले तर?"

"मागायचे," रविना म्हणाली. "मीबी मशीनवानी 'आपण' म्हणूनच नकार देईन. वर धन्यवाद!"