सालेकशाला निघालेली गाडी

मेहुण्याचा, खुमेंद्रचा फोन आला तेव्हा चैतराम अंगणात बनियनवर उभा राहून गाडीकडे बघत होता. गाडी म्हणजे जुनी पांढरी मारुती. बायको गिरजा माहेरी जाऊन एकवीस दिवस झाले होते, अन् गेली होती ती या गाडीपायीच. ती पहाटे उठून नळावरून ड्रम भरायची, हा तो गाडीवर रिकामा करायचा. जाताना म्हणाली होती, "आता गाडीलेच सांगा सयपाक करायले."

"भाऊजी, ताई म्हणते दोन वाजेपर्यंत न्यायले आले तर यीन," मेहुणा सांगत होता. "नाही तर नाही. मग तिची आस सोडा."

"येतो ना बापा. गाडी घेऊनच येतो."

"गाडीचं नाव नका काढू तिच्यासमोर."

पण चैतरामच्या डोक्यात भलतंच शिरलं. सासऱ्याच्या दारात धुळीनं भरलेली गाडी उभी करायची? साडेदहा वाजले होते. कुडव्याहून सासुरवाडीचं सालेकसा सव्वा तासाचं. ड्रम तोंडोतोंड भरलेला होता. नळ परवा येणार होता, पण परवाचं परवा.

मे महिन्याचं ऊन. टपाला हात लागला तर तव्याला लागल्यासारखा चटका बसायचा. त्यानं साबणाचा फेस गाडीभर फासला, अन् बादली भरून येईपर्यंत फेस जागेवरच वाळला. गाडी पोपडे धरलेल्या भिंतीसारखी झाली. दुसऱ्यांदा धुतली, तिसऱ्यांदा धुतली. पाणी पुसायच्या आत सुकायचं अन् मागं मळकट डाग ठेवायचं. ड्रमचा तळ दिसला.

शेजारच्या लीलाबाई भिंतीवरून बघत होत्या. "चैतराम भाऊ, उन्हात कायले धुऊन राहिले? सावलीत घ्या न."

"सावली तुमच्या निंबाखाली हाय."

"तिथं माही बकरी बसली. गाभण हाय, मी नाही उठवत तिले." मग त्यांनाच दया आली. "रॉकेलचा फडका मारा. आमचा अतुल मारते. आरशावानी चमकते."

चैतरामनं रेशनचं रॉकेल काढलं. खरंच चमकली. काचासुद्धा त्यानं सोडल्या नाहीत. साडेबारा वाजले होते. तो आत जाऊन शर्टाची बटणं लावत होता, तेवढ्यात वारा फिरला.

मागं राईस मिल होती. तिच्या धुराड्यातून कोंड्याची काळी राख रोजच उडायची, पण रोज ती गाडीवरून घसरून जायची. आज खाली रॉकेल होतं. चैतराम बाहेर आला तेव्हा पांढरी मारुती बोकडासारखी काळी झाली होती, अन् बोट लावलं की राख आणखी पसरायची.

त्यानं स्वयंपाकाच्या पाण्याची गुंडी ओतली. मग माठ ओतला. राख हलली नाही. दोन वाजले, तीन वाजले. चैतराम उपडा माठ मांडीशी घेऊन पायरीवर बसून राहिला. फोन करायचं धाडस झालं नाही.

चार वाजता दारात ऑटो थांबला. गिरजा उतरली.

"राहिलेले कपडे न्यायले आली," ती म्हणाली. मग तिचं लक्ष गाडीकडे गेलं. ती तिच्याभोवती पूर्ण फिरली. "हे काय? एकवीस दिवसांत एकदाबी नाही धुतली?"

भिंतीपलीकडून लीलाबाईंनी तोंड उघडलं, तसे चैतरामनं गिरजाच्या पाठीमागून हात जोडले.

"मले वाटलं, गाडीच घासत बसले असान म्हणून नाही आले." गिरजाचा आवाज उतरला. ऑटो तिनं पाठवून दिला अन् पिशवी खाली ठेवली. "किती वाळले तुमी. जाऊ द्या. लोटाभर पाणी द्या, घसा सुकला."

चैतराम लोटा घेऊन आत गेला, मागच्या दारानं बाहेर पडला अन् लीलाबाईंच्या अंगणात उभा राहिला. "लोटाभर पाणी द्या जी."

"आता कोणासाठी?" लीलाबाई सवयीनं मोठ्यानंच बोलल्या. "दिवसभर ड्रम, गुंडी, माठ सारंच तर गाडीवर ओतलं."

भरला लोटा घेऊन तो परतला तेव्हा अंगणात गाडी होती, पिशवी नव्हती. गिरजा रस्त्याच्या टोकाला पोचली होती, ऑटोची वाट बघत.

चैतराम लोट्यासकट गाडीत शिरला. चालू केली. समोर काहीच दिसेना, काचेवर राख अन् रॉकेल. पायी धावावं हे त्याला सुचलं नाही. तो उतरला अन् हातातलं पाणी काचेवर ओतलं.

गिरजानं नेमकं तेव्हाच मागं वळून पाहिलं.