उंबरझिरीची सरळ रेघ

"तीन कोसांत एक ठिणगी उडाली, तर मिशा उतरवीन!" असं ग्रामसेवक अभिमन सोनवणे यांनी सात देशांच्या शास्त्रज्ञांसमोर छाती ठोकून सांगितलं. त्यांना मिशा नव्हत्या, हे त्या घटकेला कुणाच्याच लक्षात आलं नाही.

भानगड अशी होती. सात देशांनी मिळून एक अवाढव्य रेडिओ दुर्बीण बांधायचं काढलं होतं. डोळा लावून बघायची नव्हे, तर ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओलहरी पकडायची! त्या लहरी एवढ्या नाजूक, की गावातली एक मोटर, एक टीव्ही, नुसती एक ठिणगीसुद्धा त्यांना बुडवून टाकते. बँडबाजात नवरीचे पैंजण कुणाला ऐकू येतात? तशी गत! बांधणारे इंजिनियर निराळे, आणि त्यांच्या डोक्यावर बसलेली वैज्ञानिक सल्लागार समिती निराळी. समितीची सही झाल्याशिवाय इंजिनियरांना खुंटीसुद्धा ठोकता येत नव्हती. ती समिती १९९० च्या जानेवारीत सातपुड्याच्या पायथ्याशी, उंबरझिरीच्या माळावर जागा तपासायला उतरली.

अभिमन अप्पांना ताऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा हिशेब सरळ होता. दुर्बीण आली की डांबरी रस्ता, रस्ता आला की एस.टी., आणि एस.टी. आली की कुंदाबाई! लग्नाला पाच वर्षं झाली तरी कुंदाबाई धुळ्याला माहेरीच. "जठे एस.टी. येत नही, तठे मी येत नही," हे एकच वाक्य त्या दर दिवाळीला बोलत. गेल्या दिवाळीला अप्पा सासरी सगळ्यांसमोर सांगून आले होते, "पुढच्या दिवाळीला तुम्हीच या उंबरझिरीला. एस.टी.नं!"

समितीच्या अध्यक्ष म्हणजे हॉलंडच्या एक बाई, ज्वारीच्या ताटासारख्या उंच. त्यांचं बोलणं हिंदीत सांगायला बंगलोरचे डॉ. शेषाद्री. त्यांनी नियम समजावले. रविवारी नऊ ते अकरा मोटर बंद, टीव्ही बंद, पेट्रोलची गाडी तर तीन कोसांत नको. समितीची जीप डिझेलची होती, कारण डिझेलच्या इंजिनात ठिणगी पडत नाही. माळावरच्या तंबूत बॅटरीवर चालणारं एक यंत्र, यंत्रावर कागदाची गुंडाळी, आणि कागदावर पेन. शांतता असेल तर रेघ सरळ. कुणी गडबड केली की पेन नाचायचं, आणि मग तंबूवरच्या बांबूवर लाल झेंडा चढायचा. थांबली की झेंडा खाली. सगळ्या शिवारातून दिसेल असा!

अप्पांनी गाड्यांची यादी केली. सरपंचांची मोटारसायकल चोपड्याला धाडली. आणि स्वतःच्या नावापुढे लिहिलं, 'सायकल, एक नग.'

ही सायकल म्हणजे सासऱ्यांनी लग्नात दिलेली मोपेड. पण अप्पांच्या मते तिला पायडल होते, म्हणजे ती सायकलच! थोडे पायडल मारले की फटफट सुरू व्हायची, लहर आली तर उतारावर आपली आपणही. किल्ली कधीच हरवली होती. बंद करायची तर एक सुटी तार ओढावी लागायची.

रविवारी नऊ वाजता शिट्टी झाली. रेघ सुरू झाली, अगदी सरळ, विधवेच्या भांगासारखी कोरी! बाई खूष झाल्या. अप्पा म्हणाले, "मी जरा बंदोबस्त बघून येतो," आणि पायडल मारत उतारावरून निघाले.

लोटन नानांच्या मळ्याशी पोचतात तो काय? माळावर लाल झेंडा!  अप्पांनी तार ओढून गाडी थांबवली आणि धावत नानांना गाठलं.

"नाना! मोटर चालू केली ना तुम्ही?"

"कशी करसू? फ्यूज मना खिसामा शे! हाऊ देख!"

अप्पांनी वळून पाहिलं. झेंडा खाली!

"बघा! मी आलो आणि बंद झाली! तुम्हाला काय वाटलं, मला कळत नाही?"

"अरे पन हिरीमा पानीच नही शे, मोटर काय वारा वढी का?"

अप्पांनी फ्यूज जप्त केला आणि गाडीला पायडल मारले. गावाच्या वेशीत आले तर पुन्हा झेंडा वर! वेशीपाशी घर झुंबरअक्कांचं, आणि गावातला एकुलता एक टीव्ही त्यांचाच. रविवार सकाळ, पौराणिक मालिकेची वेळ! अप्पांनी दारातच गाडी बंद केली.

"अक्का! टीव्ही लावलात!"

"कोनी लावा? तू सांगं म्हनीसन पडदा घाली ठेवेल शे! आज तठे देवनं युद्ध चालू शे, नि मी आठे लसून सोलस! तुलेच पाप लागी!"

टीव्हीवर पडदा होता. पडद्यावर हारही होता. अप्पांनी खिडकीतून वाकून पाहिलं, तर झेंडा खाली!

आता मात्र अप्पांची मती गुंग झाली. जिथं थांबावं तिथं चोर, आणि चोर पकडला की झेंडा खाली! अख्खं गाव आपल्याविरुद्ध उठलंय, याबद्दल त्यांना शंका उरली नाही. ते फटफटत शाळेपाशी गेले. झेंडा वर. थांबून मास्तरांची झडती घेतली. झेंडा खाली. पिठाच्या गिरणीपाशी गेले. वर. गिरणीवाल्याला कुलूप लावायला लावलं. खाली. पाऊण तासात त्यांच्या खिशात अकरा फ्यूज, दोन किल्ल्या आणि मास्तरांच्या बॅटरीचे सेल जमा झाले.

शेवटी त्यांनी नथ्थू वायरमनला गाठलं. "नथ्थू, डीपीवरून गावाची लाइनच तोड! एकदम!"

नथ्थू म्हणाला, "अप्पा, लाइन तं सकायपासूनच गयेल शे."

"कुणाची?"

"बठ्ठासनी! तीन गावंसनी! पाच वाजापासून करंट नही. तुमी बठ्ठं बंद कराले सांगं म्हनीसन कोनले समजनंच नही!"

अप्पा मटकन खाली बसले. करंटच नाही, तर झेंडा कुणाला बघून वर जातोय? नथ्थूकडे पाहिलं, झेंड्याकडे पाहिलं. झेंडा खाली होता. उठले, गाडीला पायडल मारले, शंभर पावलं गेले. झेंडा वर!

पाड्याच्या वाटेवर बिजलीबाई लाकडांची मोळी टेकवून बसली होती. अप्पांनी गाडी बंद केली.

"बिजलीबाई, खरं सांग. घरात रेडिओ? बॅटरी? काही विजेचं?"

"काय विजेचं दादा? दिवा लावते तो पण घासलेटचा."

झेंडा खाली गेला.

"मग हा खाली का गेला?"

"तू थांबला म्हणून."

"बरोबर! मी थांबतो, चौकशी करतो, म्हणूनच तर चोर घाबरतो!"

"तसं नाय दादा. मी मघापासून पाहते. तू येतो की वर जाते, तू..."

पण अप्पांनी पायडल मारले होते, आणि फटफटीच्या आवाजात पुढचं वाक्य बुडालं. बँडबाजात पैंजण बुडावं तसं!

वाटेत त्यांना उत्तर सापडलं. गाव निर्दोष होतं. वीज नव्हती. म्हणजे बिघाड वरच होता! एखादा ताराच नादुरुस्त असणार. ही बातमी समितीला द्यायला ते चढावरून तडक तंबूच्या दारापर्यंत गाडी घेऊन गेले. आत पेन कागद सोडून उडालं आणि एका गोऱ्या साहेबाच्या सदऱ्यावर सह्या करू लागलं.

बाई बाहेर आल्या. गाडीकडे बोट दाखवलं.

"सोनवणेजी," शेषाद्री म्हणाले, "यह क्या है?"

"सायकल, साब."

"इसमें पेट्रोल डालते हो?"

"थोडासा."

"कितना?"

"आधा लिटर. सायकल है ना!"

शेषाद्रींनी स्वतः तार ओढली. आतली रेघ सरळ झाली. अप्पांचा चेहरा भरताच्या वांग्यासारखा काळाठिक्कर पडला.

पण बाई हसायला लागल्या! कागद पसरून त्यांनी दाखवलं. ही मळ्याची फेरी, ही शाळा, ही गिरणी. पेट्रोलची एक गाडी वाजली तर रेघेवर माणसाची अख्खी सकाळ वाचता येते! एवढी शांत जागा त्यांनी दुनियेत पाहिली नव्हती. आता फक्त शेवटचा अर्धा तास, साडेदहा ते अकरा, रेघ कोरी राहिली की सही. बाईंनी पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलं.

अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यात त्यांना लाल एस.टी. दिसली, खिडकीत कुंदाबाई.

"साब, यह पापीण मैं यहाँ नहीं रखेगा! अभी तीन कोस के बाहर फेंकता हूँ!"

"अरे, बंद है, रहने दो..." शेषाद्री म्हणेपर्यंत अप्पा गाडीवर बसले होते.

"चालू नहीं करेगा! सायकल की तरह लेके जाएगा!"

आणि तसेच गेले. पहिली दहा पावलं पायडल मारत, शांतपणे, सायकलीसारखे. मग उतार लागला.

गाडी आपली आपण सुरू झाली. अप्पांनी तार ओढली. तार हातात आली.

वेशीवर झुंबरअक्कांनी पडद्याकडे बोट दाखवलं. लोटन नानांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. पाड्याच्या वाटेवर बिजलीबाईनं अप्पांकडे पाहिलंच नाही, ती माळाकडे बघत होती. झेंडा वर होता.

पेट्रोल संपलं ते अकरा वाजून पाच मिनिटांनी.