डाळ शिजेपर्यंत संदेश

"डाळीचं मला शिकवू नका! उभी हयात लातूरच्या डाळ मिलमध्ये गेली माझी!" चर्चच्या मीटिंगमध्ये राजशेखररावांनी छाती ठोकून सांगितलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

त्याचं असं झालं, मुख्य ऑफिसकडून पुस्तकांचं एक खोकं आलं होतं. सुवार्ता, उपासना, शिक्षण आणि सामाजिक न्याय, प्रत्येकाचं वेगळं पुस्तक. पहिली तीन गुमान कपाटात गेली. चौथं पाळकसाहेबांनी उघडलं. त्यात म्हटलं होतं, एका रविवारी कामांची अदलाबदल करा. उपासनेतला संदेश, म्हणजे प्रवचन, बायकांनी द्यावं, मंडळीचं जेवण पुरुषांनी करावं! सगळे पुरुष एकदम छताचे पंखे न्याहाळू लागले. राजशेखरराव तेवढे उठले. चर्चच्या पंचांपैकी एक, एल्डर माणूस, मागं कसा हटणार? मग पाळकसाहेबांनी संदेशही त्यांच्याच बायकोवर, उज्वलाबाईंवर सोपवला.

"अवो, चारचौघांत माझ्या तोंडातून शब्द न्हाई फुटत!"

"भिऊ नको. धा मिनिटं बोल, आमेन म्हण आन् बस. डाळीचं मी बघतो."

रविवारी चर्चच्या मागं चुलीवर मोठं पातेलं चढलं. डाळ, टमाटे आणि चव मुरावी म्हणून भरपूर चिंच, सगळं राजशेखररावांनी सुरुवातीलाच आत लोटलं. आत गाणी झाली, प्रार्थना झाली, उज्वलाबाई बोलायला उभ्या राहिल्या. डाळ मात्र ढिम्म! मदतीला आलेल्या दयानंदनं दाणा चावून पाहिला आणि गाल धरला.

"अण्णा, ही तर मिलमधून आली तशीच हाय!"

"तू लाकडं घाल. मी टाइम वाढवून घेतो!"

राजशेखररावांनी खिडकीतून हात गोल फिरवला. चालू ठेव! उज्वलाबाईंनी संपलेला कागद दाखवला. यांनी पुन्हा हात फिरवला आणि चुलीकडं पळाले. पोचतात न पोचतात तोच आत हशा पिकला.

"जमलं की हिला!" राजशेखररावांना खरंच भरून आलं. पण डाळ हटून बसलेली. पुन्हा खिडकी, पुन्हा खूण, पुन्हा हशा! मीठ आणायला आत गेलेला दयानंद ओठ चावतच परत आला.

"काय सांगायली रे ती?"

"लई भारी बोलतात वहिनी. तुम्ही डाळ बघा, अण्णा."

शेवटी कडक डाळच पंगतीत वाढावी लागली. उज्वलाबाईंनी एक घास घेतला.

"चिंच आधीच टाकली ना? आंबट पडलं की डाळ शिजत न्हाई वो."

राजशेखररावांची मान खाली गेली. तेवढ्यात मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या चतुराबाईंनी पंगतीतूनच विचारलं, "राजशेखर, ओला टावेल रोज गादीवरच टाकतूस का रं? आन् हाताजवळचं पाणी घ्यायला बी बायकोला हाक मारतूस?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

सगळी पंगत उज्वलाबाईंकडं बघू लागली.

"मी तर धा मिनिटांत बसत हुते," त्या म्हणाल्या. "अन्यायावर लिहून आणलेलं संपलं, मग घरचंच सांगावं लागलं. तुम्हीच तर खिडकीतून म्हणलात, चालू ठेव!"

सोमवारी सकाळी टॉवेल दोरीवर वाळत होता. राजशेखररावांनीच टाकला होता. मंडळीच्या आग्रहावरून पुढच्या महिन्यात संदेश पुन्हा उज्वलाबाईंचा आहे, आणि डाळीचा अजून काही भरवसा नाही!