भृंगराजाला विचारा

एका जंगलात चितळांचा एक कळप राहत होता. कुठल्या जंगलात ते विचारू नका. नाव घेतलं की तिथली चितळं भांडायला येतात.

पोरांनो, चितळ म्हणजे अंगावर ठिपके असलेलं हरीण. दिसायला देखणं. खाली मान घालून गवत खायचं, एवढंच त्याला नीट येतं. आणि मान खाली असली की बिबट्या दिसत नाही. म्हणून फार जुन्या काळी चितळांनी वानरांशी जमवून घेतलं होतं. वानरं झाडाच्या शेंड्यावर बसायची, बिबट्या दिसला की ‘खॅक’ करून ओरडायची, चितळं पळायची. बदल्यात वानर पाणी प्यायला खाली उतरलं की चितळं नाकानं वास घेऊन त्याला सांभाळायची. कागद नाही, सही नाही. आज्यांच्या आज्यांपासून हे चाललं होतं.

टेहळणीची मुख्य होती हौसाक्का वानरी. वय झालेली, एक कान फाटका. तो बिबट्यानंच फाडला होता. तिच्या हाताखाली नऊ वानरं. नवं पोर कामाला आलं की ती त्याला पाच पावसाळे आपल्या शेजारच्या फांदीवर बसवायची.

“गवत वाऱ्यानं हललं की बिबट्यानं, ते आधी ओळखायला शीक. मग तोंड उघड,” असं सांगायची.

उगाच ओरडलं तर एक चापट. ओरडायचं राहिलं तर दोन.

चितळांचा म्होरक्या होता शिंगाडेसाहेब. शिंगं एवढी मोठी की झाडाखालून जाताना वाकावं लागे. वाकायची सवय नव्हती, म्हणून तो झाडाखालून जातच नसे. त्याचा उजवा हात म्हणजे दगडू. साहेबाचं वाक्य पुरं व्हायच्या आत ‘होय साहेब’ म्हणायची कला दगडूला उपजत होती.

एकदा साहेब बारा जंगलांच्या परिषदेला गेला. तीन दिवस राहिला. परत आला तो वेगळंच बोलायला लागला.

“आजपासून आपण कळप नाही,” तो म्हणाला. “आपण कुटुंब आहोत.”

“होय साहेब,” दगडू म्हणाला.

“मग आधी कोण होतो?” रखमीनं विचारलं. रखमी म्हणजे एक साधी चितळीण. पोटात पाडस होतं, भूक जास्त लागायची, म्हणून जरा जास्त बोलायची.

तिला कुणी उत्तर दिलं नाही. कुटुंबात देत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी गोल करून उभं राहायचं ठरलं. तोंडं आत, शेपट्या बाहेर. प्रत्येकानं तीनच गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय.

“काल गवत खाल्लं. आज गवत खाणार. अडथळा नाही.”

बेचाळीस चितळं होती. बेचाळीस वेळा हेच. तेवढ्यात ऊन चढायचं, कोवळं गवत वाळायचं, आणि खायची वेळ खाण्याबद्दल बोलण्यात जायची.

“मला अडथळा आहे,” रखमी एकदा म्हणाली. “पोट भरत नाही.”

“तो अडथळा नाही रखमे,” साहेब म्हणाला. “ती संधी आहे.”

हसू नका पोरांनो. तुम्ही मोठे झालात की तुम्हालाही असंच गोलात उभं करणार आहेत.

मग एक दिवस परिषदेत ओळख झालेला धनेश उडत आला. हा मोठ्या चोचीचा पक्षी. चोच बघून वाटतं केवढं वजन असेल. आत पोकळ असते. त्याच्याबरोबर एक काळा पक्षी होता, शेपटीला दोन लांब तुरे. त्याचं नाव भृंगराज. हा पक्षी नकला करतो. त्यानं वानराची हाक काढली, सगळी चितळं दचकली. त्यानं भेकराची हाक काढली, मोराची काढली. शेवटी साहेबाच्या आवाजात “आपण कुटुंब आहोत” म्हणाला, तेव्हा साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण इतकं छान बोलतो हे त्याला माहीत नव्हतं.

“आता वानरं कशाला हवीत?” धनेश म्हणाला. “वानर झोपतं, खाजवतं, आजारी पडतं. आमचा भृंगराज दमत नाही. आणि तुमच्या वानरांसारखं या बुटक्या जांभळीवर बसायची त्याला गरजच नाही. समोरच्या डोंगरमाथ्यावर आमचं मोठं झाड आहे. थेट ढगांत. बाराही जंगलांची टेहळणी आता तिथूनच होते. तुम्ही खालून विचारायचं, तो वरून सांगणार. आम्हाला काय, तुमच्या कुरणातले उंबर आम्ही खाऊ, बस.”

“बाराही जंगलं?” साहेबानं विचारलं.

“तुम्ही तेवढे राहिलात. तुम्ही तेरावे.”

मागे राहिलो म्हटल्यावर साहेबाची शिंगं थरथरली. चितळाला बिबट्याची भीती असते, म्होरक्याला मागे राहण्याची.

हौसाक्का जांभळीवरून खाली आली.

“शिंगाडे, या पाखरानं बिबट्या बघितलाय का?”

“अक्का, त्याला बिबट्याबद्दलच्या बाराही जंगलांतल्या हाका पाठ आहेत.”

“ऐकलंय ते कळलं. बघितलाय का?”

“त्याला बघायची गरज नाही,” धनेश म्हणाला.

“मग चितळांनाही गवत खायची गरज नाही. नुसतं नाव घेऊ देत.”

“अक्का, तुमचा सूर नकारात्मक आहे,” दगडू म्हणाला.

“बिबट्याचा कसा असतो रे दगडू? सकारात्मक?”

दगडूनं साहेबाकडं बघितलं. साहेबानं दुसरीकडं बघितलं.

“हे बघ शिंगाडे,” हौसाक्का म्हणाली, “पाखराशी माझं वैर नाही. गळा चांगला आहे त्याचा. त्याला माझ्या खालच्या फांदीवर बसव. मी बघते, तो ओरडेल, हाक लांब जाईल. माझ्या पोरांचे घसे वाचतील. पण बघणारं कुणीतरी हवंच. आणि ते झाड आपलं नाही. तिथं काय झालं तर आपण खालून काय करणार आहोत? शिंगं उडवणार?”

“होय साहेब,” दगडू सवयीनं म्हणाला.

साहेबानं विचार केला. म्हणजे डोळे मिटले. मग म्हणाला, “अक्का, तुम्ही कुटुंबासाठी खूप केलंत. कुटुंब तुम्हाला मोकळं करत आहे.”

निरोपाचं भाषण भृंगराजानं केलं, हौसाक्काच्याच आवाजात. फार हृद्य झालं. नऊ वानरं पांगली. काही दूरच्या देवळात नारळाचे तुकडे मागायला गेली. शेजारच्या फांदीवर बसून शिकणारी दोन पोरं अर्धवट शिकूनच गेली. हौसाक्का मात्र जांभळीवरच राहिली. झाड तिचं होतं, बसायला कुणाला विचारायचं नव्हतं.

आता काय झालं ऐका. भृंगराजाला हाका मारता यायच्या, पण कधी मारायच्या ते कळायचं नाही. बिबट्या नसताना तो हौसाक्काच्या आवाजात ‘खॅक’ करायचा. चितळं जीव मुठीत घेऊन पळायची. दिवसातून सहा सहा वेळा. दोन म्हाताऱ्या चितळिणी धापेनंच गेल्या.

“पळू नका,” साहेबानं नियम काढला. “हाक आली की आधी विचारा. खात्री करा.”

म्हणून चितळं वर तोंड करून विचारू लागली, “बिबट्या आहे का?”

भृंगराज म्हणायचा, “फार छान प्रश्न विचारलात. होय, बिबट्या आहे.” चितळं पळायची. बिबट्या नसायचा.

दगडू हुशार. त्याच्या लक्षात आलं की हे पाखरू गोड स्वभावाचं आहे. विचारणाऱ्याला जे हवं तेच सांगतं. मग त्यानं कळपाला शिकवलं, “असं विचारायचं नाही. ‘बिबट्या नाही ना?’ असं विचारायचं.”

“फार छान प्रश्न विचारलात,” भृंगराज म्हणायचा. “नाही, बिबट्या नाही.”

कुरणात शांतता पसरली. पळापळ थांबली. साहेबानं परिषदेला निरोप धाडला की टेहळणी इतकी सुधारली, आता महिना महिना बिबट्या येतच नाही. तो येत नव्हता हे खरं होतं. त्या महिन्यात तो शेजारच्या जंगलात जेवत होता.

दरम्यान रखमी व्याली. पाडस तीन दिवसांचं झालं. पायांची अजून गुंतागुंत व्हायची त्याच्या. रखमीनं त्याला उंच गवतात लपवलं आणि साहेबाकडं गेली.

“चार दिवस मला गोलातून सोडा. पोरापाशी थांबते.”

“रखमे, सगळं कुटुंब गोलात आणि तू एकटी गवतात? बरं दिसतं का ते?”

“बरं दिसायला नाही मागत मी. पोर जगायला मागतेय.”

“पोराची काळजी भृंगराज घेतोय,” साहेब म्हणाला.

त्या दिवशी सकाळी डोंगरमाथ्यावर ढग उतरले. दाट, दह्यासारखे. माथ्यावरचं मोठं झाड पार दिसेनासं झालं. भृंगराजाला स्वतःची शेपटी दिसत नव्हती. तेरा जंगलांची टेहळणी त्या एका झाडावर, आणि झाड ढगात. खाली कुरणात मात्र लख्ख ऊन होतं.

चितळं गोल करून उभी होती. तोंडं आत.

जांभळीवरून हौसाक्काला गवत हललेलं दिसलं. वारा पडलेला होता. तिनं छाती भरून हाक दिली, “खॅक!”

रखमीचे कान उभे राहिले. “अक्का ओरडली.”

“अक्का कशी ओरडेल? अक्का मोकळी झाली,” दगडू म्हणाला. “ती भृंगराजाची नक्कल आहे. हुबेहूब असते.”

हौसाक्का परत ओरडली. परत ओरडली. पण इतके दिवस तिच्याच आवाजात इतकं खोटं ऐकलं होतं की खरं आलं ते कुणाला ओळखू येईना.

“नियमाप्रमाणे विचारून घ्या,” साहेब म्हणाला.

दगडूनं डोंगराकडं तोंड करून विचारलं, “बिबट्या नाही ना?”

ढगातून आवाज आला, “फार छान प्रश्न विचारलात. नाही, बिबट्या नाही. तुमचा दिवस आनंदात जावो.”

“झालं,” साहेब म्हणाला. “दगडू, तू सांग पुढं.”

रखमीनं मात्र एक गोष्ट केली. मान वळवली. कानांवर विश्वास राहिला नव्हता, म्हणून डोळ्यांनी जांभळीकडं बघितलं. हौसाक्का दोन्ही हातांनी फांदी गदागदा हलवत होती. पानं खाली पडत होती, जांभळं पडत होती. पाखरू आवाज काढतं, फांदी हलवू शकत नाही.

रखमी गोल मोडून सुटली.

“रखमे, जागेवर ये,” साहेब ओरडला. “शिस्त आहे का नाही?”

रखमी गवतात शिरली, पाडसाला नाकानं ढोसून उठवलं आणि जांभळीच्या दिशेनं निघाली. पाडस दोनदा पडलं. दोनदा तिनं उठवलं.

इकडं गोलात दगडू सांगत होता, “काल गवत खाल्लं. आज गवत खाणार. अडथळा…”

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. बिबट्याला शेपटीकडून यायला आवडतं, आणि गोलाला सगळीकडं शेपट्याच असतात.

संध्याकाळी चौकशी बसली. धनेश आला होता. ढग हा नैसर्गिक प्रकार आहे, असं तो म्हणाला. भृंगराजानं आजवर हजारो प्रश्नांची उत्तरं दिली, त्यात एकच चुकलं, असंही म्हणाला. आकडा ऐकून चितळांनी मान डोलावली. दगडूची आई तेवढी डोलावत नव्हती.

तिच्यासाठी भृंगराजानं दगडूच्या आवाजात “होय साहेब” म्हणून दाखवलं. अगदी तोच स्वर. म्हातारी रडली. मग साहेब म्हणाला, “बघा, दगडू आपल्यातून गेलेलाच नाही.”

शेवटी दोष ठरला. हौसाक्कानं अधिकार नसताना हाक दिली, त्यामुळं गोंधळ झाला. रखमीनं गोल मोडला, त्यामुळं फट पडली आणि बिबट्या त्या फटीतून आला.

“साहेब, तो फटीतून नाही आला,” रखमी म्हणाली. “तो तुमच्या मागून आला. तुमच्या शिंगांत अडकेल म्हणून तुम्हाला सोडून दगडूला घेतलं. मी बघितलं.”

“बघितलं म्हणजे काय पुरावा?” धनेश म्हणाला. “भृंगराजाला विचारू.”

“विचारा,” रखमी म्हणाली. “मी निघाले.”

ती पाडसाला घेऊन जांभळीखाली राहायला गेली. हौसाक्कानं वरून पाल्याची एक फांदी खाली टाकली.

“पोराला वास घ्यायला शिकव,” ती म्हणाली. “पाणी प्यायला मला उद्या खाली उतरायचंय.”

“तीन दिवसांचं आहे हो अक्का.”

“मग आजच सुरू कर.”

दुसऱ्या दिवशी कुरणात चितळं पुन्हा गोल करून उभी राहिली. दोन जागा रिकाम्या होत्या, त्या बऱ्या दिसेनात. साहेब म्हणाला, जरा सरकून घ्या. सगळी थोडी थोडी सरकली. गोल पुरा झाला.

तात्पर्य: पोरांनो, मान वळवून बघणारा नेहमी एकटा पडतो, म्हणून कधी बघू नये. तोंड आत करून सगळ्यांबरोबर उभं राहावं. बिबट्या एका वेळी एकालाच नेतो, आणि गेलेल्याच्या जागी बाकीच्यांतल्या एकाला बढती मिळते.