निंबाजीमामांची झोप

आमच्या संग्रामपुरात कामावर झोपल्याबद्दल मान मिळायचा तो फक्त निंबाजी मिस्त्रींना. ते कूलर बनवायचे. कूलर तयार झाला, की त्याच्यासमोर खाट टाकून आडवे व्हायचे. डोळा लागला तर माल पास. नाही लागला तर कूलरच्या बाजूच्या ताट्या उसवून त्यांत वाळा पुन्हा भरायचा. गिऱ्हाईक ताटकळलं, की मी दारातूनच सांगायचो, "मामा कामात हायेत." आतून घोरणं ऐकू यायचं.

मी त्यांच्या हाताखाली शिकायला होतो. आमची बढतीही झोपेवरच. सुरुवातीला ताट्यांवर पाणी मारायचं. मजुरी म्हणजे जेवण आणि चहा. आपण भरलेल्या ताटीपुढे मामा झोपले, की हप्त्याला पाच रुपये. पंखा नीट बसवून मामांना झोपवलं, की दहा. आख्खा कूलर एकट्यानं करून झोपवलं, की तुम्ही मिस्त्री! मग पुरी मजुरी, आणि कुठंही काम मागायला मोकळे.

पाच आणि दहा मी पटापट गाठले. पुढे गाडं अडलं. वैशाखातली दुपार, ओल्या वाळ्याचा वास, दुकानातला हिरवट अंधार. बाहेर जुंपलेले बैलसुद्धा उभ्या उभ्या पेंगायचे. माझ्याच पापण्या जड व्हायच्या, स्वप्नं पडायला लागायची. आणि मामा टक्क जागे!

"काऊन मामा, नाही लागला डोळा?"

"हवा टोचते बे. अजून शिक."

दोन उन्हाळे हेच. म्हातारा मजुरी वाचवतो, असं म्हणून मी मनातल्या मनात धुसफुसायचो. बायको वारल्यापासून मामा घरात एकटेच होते, आणि मला घेतल्याशिवाय ताटावर बसत नसत. "एकट्याले घास उतरत नाही," म्हणायचे. त्याचा त्यांच्या न झोपण्याशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही.

मग अकोल्याच्या एका टॉकीजमधून निरोप आला. थंड हवेच्या मशीनवर माणूस पाहिजे, पण मिस्त्रीनं पास केलेला. अकोल्याला जाणारी मोटर त्याच दुपारची. मी जीव ओतून ताट्या भरल्या, पंखा लावला. मामा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

आणि वीज गेली. पंखा फिरता फिरता थांबला. गेलं अकोला! दुकान तापायला लागलं. मामांची बनियन घामानं पाठीला चिकटली. त्या घामातच ते घोरायला लागले.

मामा खरे घोरायचे तेव्हा मधेच शिट्टी वाजायची. या घोरण्यात शिट्टी नव्हती.

मी खाटेजवळ गेलो. "मामा, लाइन गेली हाये."

घोरणं थांबलं. तोंड भिंतीकडेच.

"झोपेल माणसाले काय मालूम? जाय बे, मोटर निंघून जाईन."

मी पिशवी उचलून रस्त्याला लागेपर्यंत ते घोरत राहिले.