कॅलिफोर्नियाची वाचक

२००८ साली आमच्या घरी ब्रॉडबँड आलं आणि मी ब्लॉग लिहायचं ठरवलं. (घरात कुणी ऐकत नव्हतं, निदान जग तरी ऐकेल, असा विचार.) पन्हाळ्याचं धुकं, झुणक्याचे प्रकार, कारकुनाचं अंतरंग, काही सोडलं नाही.

मग कुणी सांगितलं म्हणून ब्लॉगला आकडेवारी जोडली. किती वाचक आले, कुठून आले, किती वेळ थांबले, सगळं दिसायचं. चहाच्या आधी आकडे बघायची सवयच लागली. आकडे तसे गरीबच होते. पण एक वाचक न चुकता यायचा, थेट कॅलिफोर्नियाहून! पहाटे यायचा, भर दुपारी यायचा, जुने लेखसुद्धा उकरून काढायचा. थांबण्याचा वेळ मात्र शून्य सेकंद. (वाचनाचा वेग दांडगा!)

कोण असेल? आणि एकदम आठवलं, रक्षिता! कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसायची. लग्न होऊन कॅलिफोर्नियाला गेल्याचं कानावर होतं. वीस वर्षांत आमचं बोलणं नव्हतं. (कॉलेजातही नव्हतं, पण ते असो.)

मी भारावून लेख लिहिला, 'सातासमुद्रापारच्या वाचकास'. त्यात रंकाळ्यावरची संध्याकाळ आली, निळा पंजाबी ड्रेस आला, आणि शेवटी 'तू वाचतेस, हे मला कळतं, रक्षिता' हेही आलं. तासाभरात कॅलिफोर्निया हजर! माझ्या अंगावर काटा आला. ऑफिसातल्या मीरासाबला सांगितल्याशिवाय राहवेना.

रविवारी मीरासाब दारातनंच ओरडला, "वैनी, पेढं काढा! आमच्या प्रभुलिंगला अमेरिकेतनं मागणी हाय!"

"कुणाची?" माझ्या बायकोनं, शिवलीलानं विचारलं.

"कोण ती रक्षिता न्हवं का? रोज येती म्हणं!"

"रोज येती? कुठं?"

"ब्लॉगवर गं," मी घाईघाईनं म्हणालो.

"माझ्या माघारी येती व्हय?"

मीरासाब चहा न घेताच सटकला. शिवलीलानं कॉम्प्युटरवर लेख वाचला. निळ्या ड्रेसपाशी थांबली, पुन्हा वाचला आणि गप्प झाली. आमच्या कोल्हापुरात बायको ओरडत असली की घर सुरळीत चाललंय असं समजतात. ती गप्प झाली, तसा मी तिच्या मागं मागं फिरायला लागलो.

"अगं, ती नुसती वाचक हाय!"

"मी माहेरी कोडोलीला जातो," ती बॅग भरत म्हणाली. "तुमी बसा रंकाळ्यावर."

तिनं फोन केल्यावर तिचा भाऊ रुद्रेश गाडी घेऊन आला. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअर, सुट्टीला गावी आलेला. मला वाटलं, आता हा माझी कॉलर धरतोय. पण तो म्हणाला, "दाजी, आधी आकडे दावा बघू."

मी चोरासारखा बाजूला उभा राहिलो. त्यानं दोन मिनिटं बघितलं आणि पोट धरून हसत सुटला.

"दाजी, ही बाई न्हाय! कॅलिफोर्नियातल्या सर्च इंजिनचा प्रोग्रॅम हाय. जगातली सगळी पानं आपोआप चाळत फिरतोय. वाचत बिचत काय न्हाय!"

"एकदासुद्धा न्हाय?" मी विचारलं.

"तायडे, ठेव की बॅग खाली! दाजींचं कुठंच काय न्हाय!"

शिवलीलानं बॅग ठेवली. पदर तोंडाला लावून ती इतकी हसली, की तिला खुर्ची द्यावी लागली. मग डोळे पुसत म्हणाली,

"तरीच! मी म्हटलं, हाडामासाचं माणूस तुमचं लिखाण एकदा वाचून दुसऱ्यांदा येतंय कसं?"