रेताडातला गहू

"तिन्ही शेतांत गहूच पेरायचा!" भाकरीचा तुकडा ऑलिव्हच्या तेलात बुडवत बूशाइबने फर्मान काढलं.

"काळ्या रानात पेरा की, कोण नको म्हणतंय? तांबड्यात जव घाला. पण त्या रेताडात गहू? तिथं भुईमूगच येणार," त्याची बायको तामू म्हणाली.

"तुला मातीतलं काय कळतं गं?"

"खुरपायला मीच असते ना तिथं!"

शेवटी माती तपासून घ्यायची आणि शेतकी कार्यालय सांगेल तेच पेरायचं, असं ठरलं.

बूशाइब तीन पिशव्या खेचरावर लादून निघाला. कार्यालयाच्या पायरीशी उतरून पाहतो तो काय, रेताड मातीची पिशवी रिकामी! बूड उसवलेलं, वाळू वाटभर सांडलेली. एवढ्या उन्हात परत कोण जाणार? त्याने इकडेतिकडे पाहिलं, दारातल्या वाफ्यातली माती पिशवीत भरली, खालून गाठ मारली आणि साळसूदपणे आत गेला.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. तिसऱ्या शेताची माती अव्वल, गहू डोळे झाकून पेरावा! तामूने तो कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला. खरं काय ते सांगून टाकावं असं बूशाइबला दोनदा वाटलं, पण तोवर त्याने तो कागद गावभर मिरवला होता.

आणि मग निरोप आला. अशी माती पंचक्रोशीत नाही, तिथे नमुन्याचं शेत करायचं, म्हणून शेतकी कार्यालयाचे झुहैर इंजिनिअर साहेब स्वतः येणार!

सारं गाव बांधावर जमलं. शिपायाला घेऊन आलेल्या साहेबांनी मूठभर माती उचलली. ती बोटांतून भुरुभुरु गळून गेली.

"सी बूशाइब," साहेब अदबीने म्हणाले, "ही ती माती नव्हे."

"नाही साहेब."

"मग ती कुठली?"

बूशाइबने टोपी काढली. "तुमच्या दारातली."

गाव खो खो हसलं. साहेबांचा चेहरा मात्र पडला. "आमच्या दारातली? अहो, तिथली माती नापीक आहे म्हणून मी तीन वर्षं वरती लिहितोय! एक गुलाब जगत नाही तिथं!"

"पाणी कोण घालतं?" चहाचा पेला पुढे करत तामूने विचारलं.

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपायाने साहेबांकडे पाहिलं.

साहेबांनी घाईघाईने चहा संपवला. मग कागद काढला. "लल्ला तामू," ते आता तिलाही अदबीने म्हणाले, "इथं काय पेरावं म्हणता?"

"भुईमूग."

साहेबांनी निमूटपणे लिहिलं, शिक्का मारला आणि गाडीत बसले.

पुढच्या आठवड्यात तामूच्या दारी मातीच्या पिशव्या घेऊन बायकांची रांग लागली. ती चिमूटभर माती तळहातावर चोळायची आणि पीक सांगायची. बूशाइब सगळ्यांना चहा ओतत होता. रांगेच्या शेवटी कार्यालयाचा शिपाई उभा होता, तीसेक पिशव्या घेऊन.

"साहेबांनी पाठवल्यात," तो हळूच म्हणाला. "यांचे अहवाल उद्याच द्यायचेत."